एआर-88 ला प्लग लावण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या एका नव्या परवानाधारक हॅमला (हौशी रेडिओचालकाला) देवळालीच्या रस्त्यावर एका भंगारवाल्याकडे अमेरिकेच्या आरसीए कंपनीचा, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला एआर-88 रेडिओ रिसीव्हर दिसला. वरचे झाकण आहे, बटणे जागेवर आहेत, व्हॉल्व्ह (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या निर्वात नळ्या) बहुतेक सगळे आहेत. भंगारवाला म्हणतो, "प्लग लावून दाखवतो, आतले दिवे लागतात." सेट घ्यावा का, भाव कसा जोखावा, आणि जुन्या हौशी रिसीव्हरचा संग्रह करायचा तर सुरुवात याच्यापासूनच करावी का, असे त्यांनी विचारले आहे.

आधी भंगारवाल्याला निरोप द्या की प्लग लावू नकोस. उद्या सकाळी जाणार असाल तर आजच फोन करा. दिवे लागतात याचा अर्थ मेन्स ट्रान्सफॉर्मरची एक वाइंडिंग शाबूत आहे, एवढाच. सेटमध्ये एसीचे डीसी करणारा 5वाय3 हा रेक्टिफायर व्हॉल्व्ह आहे. तो लवकर तापतो, बाकीचे व्हॉल्व्ह अजून थंड असतात, आणि त्या काही सेकंदांत हाय टेन्शनचे, म्हणजे व्हॉल्व्हना लागणाऱ्या उच्च डीसी पुरवठ्याचे, पूर्ण व्होल्टेज ऐंशी वर्षे जुन्या कंडेन्सरांवर जाऊन बसते. त्यातला एक जरी फुटून शॉर्ट झाला तर रेक्टिफायर जातो, चोक (डीसी गुळगुळीत करणारी कॉइल) जातो आणि नशीब वाईट असेल तर मेन्स ट्रान्सफॉर्मरही जातो. गिऱ्हाईक आले की प्लग, दुसरे आले की पुन्हा प्लग, असे करत चांगले सेट दुकानातच मेलेले मी पाहिले आहेत. आणखी एक गोष्ट बघा. या सेटच्या मागच्या बाजूला व्होल्टेज निवडायची सोय असते. ती 110 च्या आसपास ठेवलेली असेल आणि त्याने आपल्या 230 च्या सॉकेटात प्लग घातला, तर पुढचे काही बोलायची गरजच उरणार नाही.

आता घ्यावा का. माझे मत चाळीस वर्षांत फारसे बदललेले नाही: जुना रिसीव्हर विकत घेताना त्याची वीज पाहू नका, त्याचे यंत्र पाहा. कंडेन्सर, रेझिस्टर, व्हॉल्व्ह यांतले काहीही गेले तरी आज मिळते. एआर-88 मध्ये 14 व्हॉल्व्ह आहेत आणि त्यांतले बहुतेक 6एसजी7, 6जे5, 6एच6 असे युद्धकाळात प्रचंड संख्येने बनलेले आहेत. ते आजही सापडतात. पण ट्यूनिंगचा गिअर, बँड बदलण्याच्या स्विचचे वेफर (संपर्कांच्या चकत्या), कॉइलचा संच, डायलची काच, त्या सेटचेच नॉब हे कुठल्याच दुकानात मिळत नाही. ते मिळवायचे तर तसाच दुसरा सेट मोडावा लागतो. म्हणून ज्याच्यातून धूर आला पण डायल लोण्यासारखी फिरते तो सेट मी घेईन. जो गातोय पण ज्याचा गिअर घसरतो, त्याला हात लावणार नाही.

तेव्हा भंगारवाल्याकडे गेलात की पहिले पाच मिनिटे फक्त डायल फिरवा. एआर-88 ला जड फ्लायव्हील आहे. नॉबला हलका हिसका दिला की डायल आपोआप बरीच पुढे जायला हवी आणि मऊपणे थांबायला हवी. मध्येच जड लागली तर घाबरू नका, बहुतेक वेळा जुने ग्रीस सुकून मेणासारखे झालेले असते. ते साफ करता येते. पण नॉब उलट दिशेला फिरवताना डायल क्षणभर जागेवरच थांबत असेल, म्हणजे गिअरमध्ये ढिलाई असेल, तर भाव तिथेच खाली आणा. मग बँड स्विच सहाही जागांवर न्या. प्रत्येक जागी ठाम 'खट्' असा बसला पाहिजे. त्यानंतर झाकण उघडा आणि ट्यूनिंग कंडेन्सरची पाने टॉर्चने पाहा. वाकलेली पाने सरळ करण्याच्या भानगडीत पडलेल्याने ती कायमची बिघडवलेली असतात.

मॉडेलची पाटी वाचा. डी आवृत्ती 535 किलोहर्ट्झपासून 32 मेगाहर्ट्झपर्यंत सलग सहा बँडांत जाते, म्हणजे हौशी रेडिओचे 160 ते 10 मीटरचे पट्टे तिच्यात येतात. एलएफ आवृत्ती खालच्या लहरींसाठी आहे आणि तिचा इंटरमीडिएट फ्रिक्वेन्सीचा (आयएफ, म्हणजे आलेला सिग्नल आत ज्या ठरावीक फ्रिक्वेन्सीवर आणतात तिचा) आकडा 455 नसून 735 किलोहर्ट्झ आहे. एकीचे सुटे भाग दुसरीत बसवायला जाल तर इथे फसाल. सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या मीटरच्या जागी नुसती पट्टी दिसली तर कोणी मीटर चोरला असे समजू नका, यातले कितीतरी सेट मीटरशिवायच कारखान्यातून निघाले होते. खालून पाहता आले तर वायरिंगकडे लक्ष द्या. काही सेटांत रबराचे आवरण असलेली तार वापरलेली आहे. ते रबर आता बिस्किटासारखे झालेले असते, बोट लावले की तुकडे पडतात. तशी तार असेल तर पूर्ण वायरिंग बदलणे हे कित्येक महिन्यांचे काम आहे, हे धरूनच भाव करा. चपट्या, आंघोळीच्या टबासारख्या डब्यांतले कंडेन्सर तेल गाळत असतील तर ते तेल हाताला लागू देऊ नका. त्या काळच्या कंडेन्सर-तेलात आरोग्याला घातक रसायने असू शकतात. हातमोजे घाला आणि पुसलेले फडके जाळू नका.

हा सेट 1946 नंतर आपल्याकडे आलेल्या एका मोठ्या लाटेचा अवशेष आहे. युद्ध संपल्यावर ब्रिटिश आणि अमेरिकी सैन्याने भारतात सोडलेला वायरलेसचा माल लिलावात निघाला आणि मुंबईच्या चोरबाजारात, पुण्याच्या जुन्या बाजारात, कलकत्त्यात, कानपुरात वर्षानुवर्षे वजनावर विकला गेला. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या पंचवीस-तीस वर्षांत आपल्या हौशी मंडळींना परदेशी नवा रिसीव्हर आणणे आयातबंदीमुळे जवळजवळ अशक्य होते. त्यांच्या टेबलावर हेच सेट असत. म्हणून आपल्याकडे सापडणाऱ्या सेटाला बहुधा दोन आयुष्ये असतात, एक फौजेतले आणि एक एखाद्या हॅमच्या खोलीतले. त्या दुसऱ्या आयुष्याच्या खुणा मला जास्त मोलाच्या वाटतात. झाकणाच्या आत पेन्सिलीने लिहिलेले कॉलसाइन (हॅमचे ओळखचिन्ह), डायलवर चिकटवलेला 7 मेगाहर्ट्झचा छोटा कागद, हे काही पुसू नका. 'हा सेट अमुक लढाईत होता' असे विकणारा सांगेल तेव्हा मात्र पाटी आणि मोहोर पाहा. नुसत्या गोष्टीसाठी पैसे मोजू नका.

एवढे पाहून सेट पटला तर घ्या. पण दोन माणसे आणि जीप घेऊन जा. कॅबिनेटसकट हा सुमारे 45 किलोंचा आहे. मी एकट्याने असाच एक उचलला होता आणि कमरेने वर्षभर त्याची आठवण करून दिली. वाहतुकीआधी व्हॉल्व्ह काढून प्रत्येकाला क्रमांक लावा, वेगळ्या डब्यात ठेवा.

घरी आल्यावर लगेच चालू करण्याची घाई होणार, मलाही होते. चालू करायच्या आधी किती दिवस जावेत याचा माझा हिशेब सोपा आहे: खालची बाजू पूर्ण वाचून होईपर्यंत. 'वाचून' म्हणजे सर्किटचा नकाशा शेजारी ठेवून, मल्टिमीटर घेऊन, एकेक रेझिस्टर मोजत जाणे. जुने कार्बन रेझिस्टर वर सरकतात. 100 किलोओहमचा 160 दाखवतो. मूळ सहनशीलताच (छापील आकड्यापासून चालणारा फरक) वीस टक्के होती, तेव्हा त्याच्या आत असेल तर राहू द्या, बाहेर गेला तर बदला. ट्रान्सफॉर्मरच्या प्रत्येक वाइंडिंगची सलगता तपासा. प्रायमरी (मेन्सकडची वाइंडिंग) आणि चासी (सेटचा धातूचा सांगाडा) यांच्यामधला इन्सुलेशनचा रेझिस्टन्स मेगरने (उच्च व्होल्टेजवर इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरने) पाहा, साधा मल्टिमीटर इथे दिशाभूल करतो. मग मेणाचे आणि कागदाचे कंडेन्सर बदला. लॅमिंग्टन रोडला मिळणारे 630 व्होल्टचे पिवळे फिल्म कंडेन्सर त्यांच्या जागी नीट चालतात. मायकाचे कंडेन्सर बहुधा ठीक असतात, उगाच उपटू नका.

त्यातला एक कंडेन्सर सगळ्यांत आधी बदला. आऊटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडकडे (करंटवर ताबा ठेवणाऱ्या जाळीकडे) जाणारा कपलिंग कंडेन्सर. तो थोडासा जरी गळत असेल तर ग्रिडवर धन व्होल्टेज येते, व्हॉल्व्ह भरमसाट करंट ओढतो आणि त्याचा सगळा भार आऊटपुट ट्रान्सफॉर्मरवर पडतो. माझा पहिला एडिस्टोन 640 असाच गेला. पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेला, देखणा, वरून कागदही हलला नव्हता. संध्याकाळी चालू केला, वीस मिनिटे सुरेख वाजला. मी चहा करायला उठलो आणि परत आलो तेव्हा खोलीत जळक्या वार्निशचा वास होता. कंडेन्सर काही रुपयांचा होता. तसा ट्रान्सफॉर्मर मिळवायला मला तीन वर्षे लागली.

पहिल्यांदा वीज द्याल ती सिरीज बल्बमधून. आपल्या जुन्या रेडिओ मेकॅनिकांची ही युक्ती अजून कशानेही मागे पडलेली नाही. सेटच्या मेन्सला 100 वॅटचा जुन्या पद्धतीचा फिलामेंटचा बल्ब सिरीजमध्ये लावायचा. एलईडी चालत नाही. चालू करताच बल्ब भगभगून पेटला आणि तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा. आधी उजळून मग मंद झाला तर पुढे जायला हरकत नाही. नुसत्या व्हेरिअॅकने (व्होल्टेज कमीजास्त करता येणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने) हळूहळू व्होल्टेज वाढवले की झाले, असे पुष्कळ जण सांगतात. ज्यांत रेक्टिफायर व्हॉल्व्हचा आहे तिथे ते अर्धेच खरे आहे, कारण खूप कमी व्होल्टेजवर व्हॉल्व्ह तापतच नाही आणि हाय टेन्शन तयारच होत नाही. कंडेन्सरला सवय व्हायच्या ऐवजी एका विशिष्ट बिंदूपाशी ते एकदम येते. आणि एक हात खिशात ठेवायची सवय लावा. एक हात जमिनीला जोडलेल्या चासीवर, दुसरा हात 250 व्होल्ट डीसीवर, मधे छाती, हे होऊ द्यायचे नाही.

चालू झाल्यावर आवाज मंद आला तर लगेच आयएफ ट्रान्सफॉर्मरच्या कोअरना स्क्रू ड्रायव्हर लावू नका. अलाइनमेंट, म्हणजे ट्यून होणारी सर्किटे एकमेकांशी जुळवणे, सगळ्यात शेवटी. बहुतेक वेळा ते ठीकच असते आणि खराब झालेला एक रेझिस्टर किंवा व्हॉल्व्ह दोषी निघतो. अडकलेला कोअर जोर लावून फिरवला तर मोडतो, मग आतली कॉइलही जाते.

आता सुरुवात याच सेटने करावी का. तुमच्याकडे जागा आणि मित्र असतील तर करा. पण पर्याय डोळ्यांपुढे असू द्या. सर्वांत प्रेमाने मी ज्याचे नाव घेतो तो नॅशनलचा एचआरओ. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या नॅशनल कंपनीने जेम्स मिलेन यांच्या काळात, 1935 मध्ये, तो बाजारात आणला. त्यात बँड स्विचच नाही. प्रत्येक बँडच्या कॉइल एका वेगळ्या ड्रॉवरमध्ये असतात आणि बँड बदलायचा म्हणजे पुढून एक ड्रॉवर ओढून काढायचा, दुसरा सरकवायचा. मधली डायल मायक्रोमीटरसारखी: दहा वेढे, शून्य ते पाचशे विभाग, वेढा फिरला की खिडकीतला आकडा बदलतो. त्या डायलवर डोळे मिटून बोट ठेवले तरी काम चोख आहे हे कळते. युद्धात ब्रिटिशांनी शत्रूचे मोर्स संदेश टिपायला हे सेट वापरले ते उगाच नाही. पण एचआरओ घेताना ड्रॉवर मोजा. 3.5 ते 30 मेगाहर्ट्झसाठी किमान ए, बी आणि सी हे तीन हवेत. ड्रॉवरवरचा क्रमांक सेटच्या क्रमांकाशी जुळला तर उत्तम, कारण ड्रॉवरच्या तोंडावरचा आलेख त्याच सेटशी ताळमेळ घालून दिलेला असे. ड्रॉवर नसलेला एचआरओ म्हणजे कुलूप असलेले पण किल्ली नसलेले कपाट. आणि एक धोका: मूळ एचआरओत आऊटपुट ट्रान्सफॉर्मर नाही. स्पीकरच्या टर्मिनलवर हाय टेन्शन असते. तिथे थेट हेडफोन जोडून डोक्याला लावणारा माणूस मला भेटलेला आहे, सुदैवाने जिवंत.

विमानातले सेट आपल्याकडे जास्त सापडतात. अमेरिकी बॉम्बरमधला बीसी-348 हा 200 ते 500 किलोहर्ट्झ आणि 1.5 ते 18 मेगाहर्ट्झचा, आटोपशीर, गिअर सुंदर. मूळ सेट 28 व्होल्टवर, आत फिरणाऱ्या डायनामोटरवर (कमी डीसीतून उच्च डीसी बनवणाऱ्या मोटर-जनरेटरवर) चालतो. हौशी लोकांनी डायनामोटर काढून टाकला आणि त्या जागी मेन्सचा पुरवठा बसवला, व्हॉल्व्ह तापवणाऱ्या हीटरचे वायरिंगही बदलले. असा बदललेला सेट कमी दर्जाचा असतो असे मी मानत नाही. पुढच्या पत्र्याला भोके पाडली नसतील आणि काम स्वच्छ असेल तर तो त्याच्या दुसऱ्या आयुष्याचा दस्तऐवज आहे. ब्रिटिश लँकेस्टर बॉम्बरमधला आर-1155 तसाच, पण त्याच्या बँडमध्ये मधे मधे गॅप आहेत आणि डायलवरच्या चकाकणाऱ्या रंगात रेडियम असू शकते. रंग खरवडू नका, काच काढून आत फुंकर घालू नका, झोपायच्या खोलीत ठेवू नका. त्याच्याबरोबर टी-1154 ट्रान्समीटर फुकट देतो असे कोणी म्हटले तर आधी तुमच्या परवान्याचे कागद पाहा. ट्रान्समीटर नुसता बाळगायलाही परवाना लागतो.

हॅलिक्राफ्टर्सचा छोटा एस-38 आणि एडिस्टोनचे 840ए, 840सी हे दिसायला नवशिक्यासाठी अगदी योग्य, पण त्यांच्याबाबत मी ठाम नाही म्हणतो. हे एसी-डीसी सेट आहेत. आत मेन्स ट्रान्सफॉर्मर नाही, चासी थेट मेन्सच्या एका तारेशी जोडलेली असू शकते. आपल्याकडे प्लग कसाही उलटा बसतो, सॉकेटची फेज कुठे याचा भरवसा नाही. सेट मेन्सपासून वेगळा ठेवणाऱ्या आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय त्यांना टेबलावर ठेवू नका, आणि घरात लहान मूल असेल तर ठेवूच नका. कॉलिन्सचा आर-390ए मिळालाच, तर तो दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी घ्या. 26 व्हॉल्व्ह, कॅम आणि गिअरचे असे जंगल की पहिल्या महिन्यात उघडले तर पुन्हा जुळणार नाही.

कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्यांसाठी पावसाळा हा खरा शत्रू आहे. बारीक तारेच्या वाइंडिंगवर हिरवा ठिपका पडतो आणि एक दिवस ती तुटते. हा ठिपका नुसत्या बसून राहिलेल्या सेटात लवकर पडतो. म्हणून जून ते सप्टेंबर दर आठवड्याला तासभर प्रत्येक सेट चालवा, आतल्या उबेने ओल निघून जाते. सैन्याच्या काही सेटांवर ओल आणि बुरशीला रोखणारे वार्निश मारलेले असते, चासीवर एमएफपी असा शिक्का दिसेल. त्यावर सोल्डर करताना आधी वार्निश खरवडा आणि खिडकी उघडी ठेवा.

दुरुस्ती करताना काढलेला प्रत्येक भाग पिशवीत घालून सेटाच्या आतच बांधून ठेवा. तारीख, काय बदलले, का बदलले, हे कागदावर लिहून झाकणाला आतून चिकटवा. मूळ रंग झिजला असेल तर पुन्हा रंगवू नका. पॅनलला नवे भोक पाडून नवा डिजिटल आकडा बसवणे मला मान्य नाही. हवा असेल तर सेटातला सिग्नल बाहेरून टिपून वेगळ्या डब्यात आकडा दाखवा.

आणि अखेर ऐकायचे कसे. एआर-88 एएमच्या (कॅरिअर लहरीसकट आवाज पाठवण्याच्या पद्धतीच्या) जमान्यातला आहे, आज 7 मेगाहर्ट्झवर आपले बहुतेक हॅम एसएसबीवर (कॅरिअर वगळून सिग्नलची एकच बाजू पाठवण्याच्या पद्धतीवर) बोलतात. सेट लावला आणि बदकासारखा आवाज आला म्हणून नाउमेद होऊ नका. एव्हीसी (आवाज आपोआप सारखा ठेवणारी सोय) बंद करा, ऑडिओचा नॉब पुढे आणा, आरएफ गेन (आलेला सिग्नल किती वाढवायचा त्याचा नॉब) अगदी मागे घ्या आणि बीएफओ (गायब कॅरिअरची जागा घेणारा आतला ऑसिलेटर) चालू करून त्याची पिच हळूहळू फिरवा. आवाज एका जागी एकदम माणसाचा होतो. सिग्नल मोठा आला तर आरएफ गेन आणखी कमी करा, आवाज मोठा करायचा तो ऑडिओनेच. डायल बरोबर आहे का ते पाहायला 10 मेगाहर्ट्झवर चीनचे बीपीएम हे वेळेचे केंद्र ऐका, सेकंदाचे टिकटिक आपल्याकडे येतात. घरातले एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जर बंद करून ऐका, त्यांची खरखर जुन्या सेटला फार जाणवते.

उद्या जाताना टॉर्च, मल्टिमीटर, मऊ ब्रश आणि जुना टॉवेल न्या. सगळे पाहून झाल्यावर मला तीन गोष्टी कळवा: पाटीवरचे मॉडेल आणि मागच्या व्होल्टेज निवडीची जागा, नॉबला हिसका दिल्यावर डायल कुठपर्यंत गेली, आणि खालच्या बाजूची तार रबराची आहे की कापडाची. तिसऱ्याचे उत्तर मिळाले की भाव सांगतो.